मोझांबिकची तूर आणि वऱ्हाडचा कापूस

मंडळी, अकोल्याच्या एमआयडीसीत जी तूर भरडली जाते ती सगळी आपल्याच रानातली असते असं नाही. बाजारात ऊठबस असणाऱ्यांना 'गजरी' तूर माहीत आहे. ती येते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिकमधून. तिथं वरणभात कुणी खात नाही म्हटलं तरी चालेल. उत्तरेकडचे छोटे कास्तकार तूर लावतात ती मुख्यतः भारतासाठी.

हा देश १९७५ साली पोर्तुगीजांच्या हातून सुटला. त्याआधी तिथल्या शेतकऱ्यांना सक्तीनं कापूस पेरायला लावत, पोर्तुगालच्या गिरण्यांसाठी. ती सक्ती १९६१ साली उठली. स्वातंत्र्यानंतर १९७७ ते १९९२ यादवी. पुढं जरा सावरतो तोच २०१६ मध्ये सरकारनं लपवलेलं अब्जावधी डॉलरचं कर्ज उघडं पडलं, आणि २०१७ पासून उत्तरेत, जिथं वायूचे साठे सापडले तिथंच, दहशतवाद. अशा देशात गरिबाच्या हाती रोख पैसा देणारं पीक म्हणजे तूर.

आता आपल्याकडं या. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोला भिडली, आठवतं ना? सरकार घाबरलं. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि करार झाला : पाच वर्षांत तुरीची आयात १ लाख टनांवरून २ लाख टनांपर्यंत न्यायची. नेमका त्याच वर्षी पाऊस चांगला झाला. भाव पाहून वऱ्हाडात ज्यानं त्यानं तुरीचे तास वाढवले. देशाचं उत्पादन २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेलं. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये, बाजारात मात्र चार हजाराच्या आसपास आणि त्याखालीही. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, काट्यापर्यंत पोचलं तर बारदाना नाही. ते दिवस कोण विसरेल!

मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा कराराचा कोटा त्यातून वगळला, तरी व्यापार हादरायचा तो हादरलाच. भारताच्या भरवशावर पेरलेली तूर तिथं मातीमोल झाली. आपला कास्तकार आधीच बुडाला होता, त्यामागं तोही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच दुसऱ्या बाजूनं पाहिलंय. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव गडगडला, मुंबईत शेअरबाजार बुडाला. लँकेशायरच्या मालकानं खामगावच्या शेतकऱ्याला विचारलं नव्हतं. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, १८७१ मध्ये अमरावतीला. आपल्या सोयीसाठी नाही, गाठी लवकर बंदरात पोचाव्या म्हणून. भाव ठरायचा तो दूरच. मोझांबिकसाठी आज ती 'दूरची जागा' आपण आहोत, हे पचायला जड आहे, पण आहे.

यात डाळ मिलवाला वाईट आणि कास्तकार चांगला असं काही नाही बरं का. मिल वर्षभर चालायची तर कच्चा माल लागतोच. मोझांबिकची तूर आपल्या पावसाळ्याच्या शेवटी निघते, आपली डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे हंगाम एकमेकांना पूरक आहेत. २०२३ च्या शेवटी तिथल्या निर्यातदारांच्या भांडणात नकाला बंदरात माल अडकला, तेव्हा हे मिलवाल्यांनाही कळलं. धंदा दोघांच्या फायद्याचा होऊ शकतो. अडचण आहे ती दिल्लीच्या वेळापत्रकाची.

आपली पेरणी जूनमध्ये, त्यांची नोव्हेंबर-डिसेंबरात. आयात किती आणि शुल्क किती, हे मे महिन्यात जाहीर करून वर्षभर पाळलं तर दोघंही हिशेब करून पेरतील. होतं काय? शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली, ती २०२५ च्या जानेवारीत. तेव्हा आपली तूर बाजार समितीच्या हर्रासात उतरत होती, हमीभाव होता ७५५० आणि बोली त्याच्या खाली.