पूर अडवून अरण्य राखता येत नाही

व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा यांच्या दरम्यान डॅन्यूबच्या पूरपट्ट्यात उभे असलेले अरण्य डिसेंबर १९८४ मध्ये थोडक्यात वाचले. हाइनबुर्गच्या जलविद्युत धरणासाठी तेथे वृक्षतोड होणार होती. हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत अरण्यात तळ ठोकून बसली आणि ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर सिनोवात्झ यांना काम थांबवावे लागले. १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

तो विजय भावनेचा होता, विवेकाचा नव्हे, असे मानणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ती पुरतीच मांडू. पाण्यापासूनची वीज धुराविना मिळते. शिवाय नदीचा तळ दरवर्षी दोन-तीन सेंटीमीटर खचतो आहे. भूजल उतरते, जुने फाटे सुकतात. धरणाने पाणी वर चढेल, फाट्यांत दारांतून सोडता येईल. म्हणजे धरणच अरण्याला तारील!

तळ खचतो, हे खरे. पण का खचतो? एकोणिसाव्या शतकात नदीला दगडी काठांत आवळले आणि पुढे वरच्या धरणांनी वाहून येणारी खडी अडवली. खडीला मुकलेले पाणी स्वतःचाच तळ कोरते. व्हिएन्नातील फ्रॉयडेनाऊ धरणाच्या चालकांवर खालच्या पात्रात खडी टाकण्याचे बंधन आहे, ते याच कारणाने. मग रोगाच्या कारणालाच औषध कसे म्हणायचे?

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. या अरण्याला नुसते पाणी नको, पाण्याची चढउतार हवी. येथे पातळी सात मीटरपर्यंत वरखाली होते. पूर काठ फोडतो, ताजी वाळू-खडी पसरतो. त्या उघड्या ओल्या जमिनीवरच काळ्या पॉप्लरचे आणि पांढऱ्या विलोचे बी रुजते. ढासळलेल्या उभ्या काठात खंड्या बीळ करतो. स्थिर जलाशयाच्या कडेला जुनी झाडे काही काळ उभी राहतीलही, पण त्यांची संतती कोठे उगवणार? दारांतून मोजून सोडलेले पाणी काठ फोडत नाही.

हा केवळ तर्क नाही. थोडे खाली, गाबचिकोवोच्या जलविद्युत केंद्रासाठी १९९२ मध्ये डॅन्यूबचे बहुतांश पाणी कालव्यात वळवले गेले. जुन्या पात्राकाठचे भूजल घसरले आणि फाट्यांना कृत्रिम रीतीने पाणी पाजण्याची पाळी आली. पूर मात्र पाजता आला नाही.

राहिला विजेचा प्रश्न. ऑस्ट्रियाची निम्म्याहून अधिक वीज आजही जलविद्युतच आहे. तेथील डॅन्यूबवर दहा मोठी वीजकेंद्रे आहेत. मोकळी वाहणारी नदी उरली ती फक्त वाखाऊच्या खोऱ्यात आणि या अरण्यात. वाचकांनीच ठरवावे, अतिरेक कोणाचा?

हाइनबुर्गच्या समोरच्या काठावरचे दगड पुढे काढून टाकले. नदीने लगेच काठ कोरायला सुरुवात केली. इतर बऱ्याच ठिकाणचे दगडी काठ अजून तसेच आहेत. वाद घालायचाच असेल, तर ते कधी निघणार यावर घालावा.