तिच्या हाती काय होते? एचआयव्ही-प्रतिबंधाच्या संशोधनातील स्त्रिया

थ्रेड 🧵

१/ १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची एचआयव्हीसाठी तपासणी झाली. त्यांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला. तरीही या ३९१ जणींत संसर्गाचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांचा हा निबंध डिसेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. (कोविडकाळातील पत्रकार परिषदांत दिसणारे गंगाखेडकर ते हेच.)

२/ त्या काळचा सल्ला होता: एकनिष्ठ राहा, कंडोम वापरा. या स्त्रिया एकनिष्ठच होत्या. आणि कंडोमचा निर्णय नवऱ्याचा होता. सल्ला चुकीचा नव्हता, पण तो ज्यांच्या कानी पडत होता त्यांच्या हाती काहीच नव्हते.

३/ प्रयोगशाळेतही स्त्री दाराबाहेरच होती. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर, १९७७ साली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रियांना प्राथमिक औषधचाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली. हेतू संरक्षणाचा, परिणाम अज्ञानाचा. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. त्याच वर्षी एड्सच्या अमेरिकी व्याख्येत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा समावेश झाला. तोवरची व्याख्या मुख्यतः पुरुषांत दिसलेल्या आजारांवरून बेतलेली होती. त्यामुळे मरणासन्न स्त्रियाही कागदोपत्री एड्सग्रस्त ठरत नसत व साहाय्यास मुकत.

४/ आता दक्षिण आफ्रिका. क्वारैशा अब्दुल करीम यांच्या सुरुवातीच्या पाहणीत तेथील ग्रामीण भागात स्त्रियांमधील संसर्ग पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळला होता. जोडीदाराची परवानगी न लागणारे साधन हवे, हा विचार तेव्हापासूनचा. पहिली आशा फसली: नॉनॉक्सिनॉल-९ या जेलने संसर्ग घटण्याऐवजी वाढल्याचे २००० साली दरबानच्या परिषदेत उघड झाले. दहा वर्षांनी व्हिएन्नात टेनोफोविर जेलचे निष्कर्ष जाहीर झाले. ८८९ स्त्रियांच्या चाचणीत संसर्ग ३९ टक्क्यांनी घटला होता.

५/ आणि मग २०१३. ‘व्हॉइस’ या चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वेतील ५,०२९ स्त्रिया होत्या. गोळ्या मोजल्या, जबाब घेतले, तर सुमारे ९० टक्के पालन. रक्त तपासले, तर ३० टक्क्यांहूनही कमी नमुन्यांत औषध! स्त्रिया खोटे बोलल्या, असा निष्कर्ष सोपा होता. पण पुढील मुलाखतींतून दुसरे चित्र उभे राहिले. या गोळ्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांच्याच होत्या. घरात डबी दिसली की हिलाच रोग आहे, असे लोक म्हणणार. जोडीदार संशय घेणार. औषध तेच, शरीर तेच. आड आले ते घर. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके पान हेच.

६/ धडा मात्र लगेच घेतला गेला नाही. २०१९ मध्ये डेस्कोव्ही या प्रतिबंधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती योनिमार्गे संसर्गाचा धोका असलेल्यांना वगळून. कारण साधे होते. ५,३८७ जणांच्या चाचणीत पुरुष व पारलिंगी स्त्रिया होत्या. जन्माने स्त्री असलेली एकही नव्हती.

७/ ‘पर्पज-१’ ने हा क्रम उलटवला. दक्षिण आफ्रिका व युगांडातील १६ ते २५ वयाच्या तरुणी. लेनाकापाविरचे सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन. घरात डबी नाही. गर्भ राहिला तरी संमतीने चाचणीत राहण्याची मुभा होती. डेस्कोव्हीची स्त्रियांवरील चाचणीही अखेर येथेच झाली: २,१३६ जणींत ३९ संसर्ग, कारण रोजची गोळी पुन्हा बहुतेकींकडून घेतली गेली नाही. जुन्या गोळीच्या गटात १,०६८ पैकी १६. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींत, जून २०२४ च्या निष्कर्षांनुसार, शून्य.

८/ अमेरिकेत या इंजेक्शनची वार्षिक किंमत २८,००० डॉलरहून अधिक ठेवली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबादच्या दोन कंपन्यांशी झालेले करार जाहीर झाले: २०२७ पासून गरीब व मध्यम उत्पन्नाच्या १२० देशांसाठी, वर्षाला सुमारे ४० डॉलर.