घाटातली वॅगन, एकास सत्त्याऐंशी

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत रेल्वेचे रूळ नाहीत. सूर्यमाळचे पठार उतरून खोडाळ्यामार्गे निघालेल्या माणसाला रेल्वे भेटते ती कसाऱ्याला, थळ घाटाच्या पायथ्याशी. १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने खुल्या केलेल्या या घाटाची चढण ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर इतकी आहे. वर चढताना मालगाडीला मागून बँकर इंजिनांचा जोर लागतो आणि भरलेली गाडी उतरताना सारी भिस्त ब्रेकवर असते. पावसाळ्यात पाणी कोसळते, उन्हाळ्यात धूळ उडते. मालगाडीच्या वॅगनचे छोटे मॉडेल किटमधून जोडायचे, रंगवायचे आणि वापरून जुने झालेले दाखवायचे, असा छंद असणाऱ्याला वॅगनच्या अंगावरचे डाग वाचायला शिकवणारा हा घाट आहे.

या छंदात बहुतेकांचे लक्ष हातकौशल्यावर असते. प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे वेगळे आहे. वस्तू लहान केली की तिचे सगळे गुण एकाच हिशेबाने लहान होत नाहीत. १:८७ या प्रमाणात लांबी ८७ पट आटते, वजन साडेसहा लाख पट आटते, पण रंगाची जाडी, पाण्याचा थेंब आणि खोलीतला उजेड मुळीच आटत नाहीत. जोडणी, रंगकाम आणि वेदरिंग (जुनेपणाच्या खुणा देणे) या तिन्ही टप्प्यांतल्या अडचणी याच विसंगतीतून येतात. उपायही तिथेच सापडतात.

१. मूळ वस्तू

उदाहरणासाठी बॉक्सएन ही कोळशाची उघडी वॅगन घेऊ. नावातच तिचे वर्णन आहे: ‘बी’ म्हणजे बोगीची (चार चाकांच्या फिरत्या चौकटीची), ‘ओ’ म्हणजे उघडी, ‘एक्स’ म्हणजे उंच भिंतींची, ‘एन’ म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची. कपलिंग धरून तिची लांबी १०,७१३ मिलिमीटर, नुसत्या सांगाड्याची ९,७८४, रुंदी ३,२०० आणि रुळापासून उंची ३,२२५ मिलिमीटर. चाकाचा व्यास १,००० मिलिमीटर. रिकामी वॅगन २२.४७ टन भरते, भरलेली ८१.२८ टन.

छंदाच्या जगात सर्वांत रुळलेले प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ साली सुरू झालेल्या लघु रेल्वे संग्रहालयातही हेच प्रमाण पाहायला मिळते. या प्रमाणात बॉक्सएन कपलिंगसकट १२३ मिलिमीटर लांब, ३७ उंच आणि ३७ ला किंचित कमी रुंद होते.

पहिली तडजोड रुळापाशीच करावी लागते. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी ठरला. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याला १९.२६ मिलिमीटरचा रूळ हवा. तयार रूळ वापरायचा तर पावणेतीन मिलिमीटरची चूक पत्करावी लागते. ती समोरून पाहताना जाणवते, बाजूने पाहताना नाही, कारण बाजूला चाके बोगीच्या जाड चौकटीआड जातात. म्हणून चौकटी मूळ अंतरावर ठेवाव्यात आणि चाकांचा आस तेवढा आखूड करावा. चाके निवडताना अमेरिकी वॅगनचे ३८ इंची चाक जवळचे पडते. ते मॉडेलमध्ये सुमारे ११.१ मिलिमीटरचे येते आणि आपल्याला ११.५ हवे असते.

२. जोडणी: जाडी आणि वजन

किट इंजेक्शन मोल्डिंगचे असो, लेझरने कापलेल्या पत्र्यांचे असो वा थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनचे, सगळ्यांत एक खोट सारखीच असते. ती म्हणजे भिंतीची जाडी. खऱ्या वॅगनचा पत्रा काही मिलिमीटरचा असतो. मॉडेलची भिंत एक मिलिमीटर धरली तरी ती प्रमाणात ८७ मिलिमीटरची, जवळपास किल्ल्याच्या तटासारखी होते. बंद वॅगनमध्ये हे लपते. उघड्या वॅगनमध्ये वरची कड लगेच चुगली करते. सगळी भिंत पातळ करायला जाऊ नये, ती वाकेल. आतल्या बाजूने वरचे चार-पाच मिलिमीटर पॉलिश पेपरने तिरपे घासून कडेपाशी निम्मे करावेत आणि खाली मालाचा ढीग ठेवावा. डोळा कडेवरून जाडीचा अंदाज बांधतो, मग खालच्या जाडीकडे कोणी पाहत नाही.

जोडताना चौकोन काटकोनात आहे की नाही हे डिंक वाळण्याआधी तपासावे. तळ काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहावे. आठ चाकांपैकी एक अधांतरी राहिले तर रंग कितीही उत्तम असो, गाडी पहिल्याच वळणावर उतरेल. यावरचा जुना उपाय असा: एका बोगीचा स्क्रू सैल ठेवायचा, म्हणजे ती दोन्ही दिशांना डुलते, आणि दुसरीचा इतपत घट्ट, की ती फक्त वळू शकेल. तीन बिंदूंवर उभी वस्तू कधी लंगडत नाही.

वजनाचे गणित आणखी बोलके आहे. घनफळ ८७ च्या घनाने, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी आटते. त्या हिशेबाने रिकामी बॉक्सएन ३४ ग्रॅमची आणि भरलेली १२३ ग्रॅमची हवी. पण ३४ ग्रॅमची वॅगन वळणावर ओढली की आत कलंडते, कारण रुळाची खडबड आणि कपलिंगचे घर्षण त्या हिशेबाने आटलेले नसते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी की एचओ वॅगनला मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन द्यावे. ११२ मिलिमीटरच्या सांगाड्याला ते सुमारे ९१ ग्रॅम होते. म्हणजे रिकामी दाखवायची वॅगन पावणेतीनपट जड करायची. उघड्या वॅगनमध्ये वजन लपवायला छत नसते, म्हणून शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या खोट्या तळाखाली बसवाव्या लागतात. भरलेली दाखवायची असेल तर प्रश्न आपोआप मिटतो.

३. रंग: थर आणि उजेड

ब्रशने दिलेला ५० मायक्रॉनचा रंग पातळ वाटतो. ८७ ने गुणला की तो ४.३५ मिलिमीटरचा लेप होतो. असे तीन हात दिले की वेल्डिंगच्या शिवणी, कड्या, दाराचे बिजागर बुजून जातात. म्हणून एअरब्रश ही चैन नाही. तो नसेल तर रंग दुधाइतका पातळ करून ब्रशचे अनेक हात द्यावेत, पण दोन हातांमध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

रंगछटा ही दुसरी बाब. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड खऱ्या वॅगनला शोभतो म्हणून मॉडेलला शोभेलच असे नाही. खरी वॅगन आपण उन्हात, पन्नास-शंभर पावलांवरून पाहतो. मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका आणि किंचित करडा होतो. मॉडेल हातभर अंतरावर, खोलीच्या मंद उजेडात असते. तोच रंग तिथे काळपट दिसतो. मूळ छटेत थोडा पांढरा आणि करडा मिसळावा. मूळ रंग जरा जास्तच फिका वाटला तरी चालेल, कारण पुढचे वेदरिंग त्याला काळवंडवणारच आहे.

अक्षरांसाठी चमकदार वॉर्निशचा हात, त्यावर डिकॅल (छापील अक्षरांची चिकटवायची पातळ पट्टी) आणि मग मॅट वॉर्निश, हा क्रम पाळावा. खडबडीत मॅट पृष्ठावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी कडा दिसतात. क्रमांक मनाने लिहू नये. भारतीय वॅगनचा क्रमांक अकरा आकड्यांचा असतो: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन निर्मितीवर्षाचे, नंतरचे चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. यातले पाचवे-सहावे आकडे वेदरिंगचा पाया आहेत. वॅगन किती पावसाळे पाहून आली ते तिथे लिहिलेले असते, आणि गंज त्या आकड्यांशी जुळला पाहिजे.

इथे सूर्यमाळसारख्या ठिकाणच्या कारागिराने एक पथ्य पाळायला हवे. आषाढ-श्रावणात ढग घरात शिरतात तेव्हा स्प्रेचे वॉर्निश मारले की त्यावर पांढुरकी साय धरते. उडून जाणारे द्रावण पृष्ठभाग थंड करते, त्यावर हवेतली वाफ साकळते आणि थरात अडकते. रंगकाम दिवाळीनंतर करावे. घाई असेलच तर मॉडेल आणि वॉर्निशचा डबा दोन्ही आधी कोरड्या, उबदार जागी ठेवावेत. बल्ब लावलेले खोके त्यासाठी पुरते.

४. वेदरिंग: खुणांचे वर्गीकरण

प्रत्येक खुणेला कारण, दिशा आणि वय असते. कारणांवरून पाच वर्ग पडतात.

(अ) पाण्याच्या खुणा वरून खाली जातात. सुरुवात नेहमी एखाद्या फटीपासून, वाकलेल्या कडेपासून किंवा खरवडल्या रंगापासून होते. सपाट पत्र्याच्या मधोमध अचानक सुरू होणारा गंजाचा ओघळ खोटा.

(आ) चाकांनी उडवलेली धूळ खालून वर जाते आणि चढताना विरळ होते. घाटमाथ्याच्या मातीचा रंग तांबूस-तपकिरी. कोळसा उतरतो त्या साइडिंगमध्ये काळा. दोन्ही एकाच वॅगनवर दिसू शकतात, पण जी नंतर बसली ती वर हवी.

(इ) मालाच्या खुणा आत सर्वाधिक. कोळशातले गंधक आणि पाऊस मिळून आम्ल होते. तळ आणि भिंतींचा खालचा भाग तिथून खाल्ला जातो. वरच्या भिंतीवर मात्र कोळसा घासला जाऊन रंग निघतो आणि पत्रा गुळगुळीत तपकिरी होतो. म्हणजे आतली भिंत एकाच गंजाच्या रंगाने भरणे चूक.

(ई) यंत्राच्या खुणा नेमक्या जागी असतात. औष्णिक वीज केंद्रात वॅगन टिपलरवर उलटी करून रिकामी करतात, तेव्हा वरच्या कडेला शिकंजा बसतो. खरवड तिथेच आणि ठरावीक अंतरावर. पोकलेनने माल उपसला असेल तर भिंत आतून बाहेर फुगलेली.

(उ) दुरुस्तीच्या खुणा उलट्या असतात. जुन्या, फिक्या अंगावर ताज्या रंगाचा चौकोन आणि त्यात नवी तारीख. नवशिके हा वर्ग विसरतात, आणि याच एका चौकोनाने वॅगन ‘चालू सेवेतली’ वाटू लागते.

आता घाटाकडे. उतारावर ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासत राहतात. जुन्या चारचाकी वॅगनचे ठोकळे बिडाचे होते. त्यांचा भुगा लोखंडाचा, तो गंजून बोगीवर आणि तळाच्या सांगाड्यावर नारिंगी-तपकिरी पूड बसते. बॉक्सएनचे ठोकळे संमिश्र द्रव्याचे. त्यांची धूळ काळसर करडी. दुसरा फरक चाकाच्या तोंडावर. जुन्या वॅगनच्या आसाच्या पेटीतून तेल गळून चाकावर काळे, ओले थर जमत. बॉक्सएनला बंद कार्ट्रिज बेअरिंग असल्याने तिचे चाक कोरडे, धुळकट हवे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग मात्र दोन्हीकडे चकाकता. जुन्या वॅगनच्या छायाचित्रावरून आधुनिक वॅगनला तेलाचे डाग देणारे मॉडेल जाणकाराच्या नजरेत तिथेच पडते.

५. न आटणारा थेंब

मॉडेल अंगणात ठेवून सूर्यमाळच्या पावसालाच काम का देऊ नये? कारण दोन मिलिमीटरचा थेंब १:८७ च्या जगात १७४ मिलिमीटरचा गोळा होतो. पृष्ठताणामुळे पाणी मॉडेलच्या कोपऱ्यात शिरत नाही, वर फुगून बसते आणि वाळताना गोल डाग ठेवते. खऱ्या वॅगनवरचा पंधरा मिलिमीटरचा ओघळ मॉडेलवर ०.१७ मिलिमीटरचा हवा. पाणी इतकी बारीक रेघ स्वतःहून काढत नाही.

म्हणून पाण्याऐवजी टर्पेंटाइन. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे पातळ केलेला तेलरंग शिवणीतून आपोआप धावतो. खालचा रंग अॅक्रिलिक असेल तर टर्पेंटाइन त्याला विरघळवत नाही. नेलपॉलिश किंवा लॅकरचे थिनर मात्र रंग आणि प्लास्टिक दोन्ही खाते. ओघळासाठी तेलरंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका फटीपाशी ठेवावा, पाच-दहा मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश सरळ खाली ओढावा. दोन-तीन ओढीत ठिपका नाहीसा होतो आणि खाली विरत जाणारी रेघ उरते.

एक गोष्ट निसर्ग फुकट देतो. कोरड्या खड्यांच्या ढिगाचा उतार खड्याच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून खरा कोळसा कुटून, चाळून अर्धा ते एक मिलिमीटरचे कण वापरले तर ढीग, रंग आणि चमक तिन्ही बरोबर येतात. पीठ झालेला चुरा मात्र चाळून टाकावा. तो चिकटून उभे कडे धरतो.

६. एक वॅगन आणि रेक

बॉक्सएनचा रेक, म्हणजे एकत्र जोडून चालणारी अख्खी गाडी, साधारण ५८ वॅगनचा. मॉडेलमध्ये तो सात मीटरहून लांब होतो, घरात मावत नाही. दहा-बारा वॅगनवर भागवावे लागते आणि तिथे नवा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक वॅगनवर आपली सगळी कला ओतली तर दहाही अतिजीर्ण होतात आणि रेक भंगारात चालल्यासारखा दिसतो. खरा रेक एकत्र फिरतो, एकच माल वाहतो, म्हणून धूळ आणि काजळी सगळ्यांवर जवळपास सारखी असते. गंज, पोचे आणि नवे चौकोन प्रत्येकीचे वेगळे. तेव्हा सामाईक थर सर्व वॅगन रांगेत ठेवून एकाच बैठकीत द्यावा आणि वैयक्तिक खुणा क्रमांकातले वर्ष पाहून. दहांपैकी सात-आठ सर्वसाधारण, एखादी नुकतीच कारखान्यातून आलेली, एखादी पार थकलेली, इतके प्रमाण पुरते.

कसोटी साधी आहे. मॉडेलवरच्या कुठल्याही डागावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारावेत: कशाने पडला, कुठून आला, कधीचा आहे. ज्या डागाला तिन्हींची उत्तरे नाहीत तो पुसून टाकावा, मग तो कितीही देखणा असो.