राखमिश्रित काँक्रीट

राखमिश्रित काँक्रीट : सिमेंटचा किंवा रेती-गिट्टीचा काही भाग कमी करून त्याऐवजी राख घातलेले काँक्रीट. राख कशाची, यावर पुढचे सगळे ठरते. वऱ्हाडात ती दगडी कोळशाची; युरोपात शहरी कचरा जाळून उरलेलीही प्रक्रिया करून वापरतात.

धामणगाव रेल्वे या गावावरून कोळशाच्या मालगाड्या पश्चिमेकडे जातात. त्यांतल्या काही अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक वीजकेंद्रात रित्या होतात. पारसचे २५० मेगावॉटचे दोन संच आणि अमरावतीजवळच्या नांदगावपेठेतला १,३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प, वऱ्हाडातली राख मुख्यतः इथली. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे तीन वाघिणी जळाल्या की साधारण एका वाघिणीच्या वजनाची राख मागे उरते. अशाच राखेतली काही सिमेंटच्या गोणीत बसून गावोगावच्या दुकानांत येते. गोणी वळवून पाहिली तर ‘पीपीसी’ (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) या खुणेसोबत राखेची टक्केवारी छापलेली सापडते. भारतीय मानक १४८९ नुसार ती १५ ते ३५ टक्क्यांच्या आत लागते.

ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते. भट्टीच्या ज्वाळेत कोळशातले मातीचे कण वितळतात, धुराबरोबर उडता उडता थंड होतात आणि त्यांचे काचेसारखे सूक्ष्म गोळे बनतात. चिमणीच्या अलीकडे विद्युतभारित पत्रे त्यांना पकडतात. ही उडती राख, एकूण राखेच्या सुमारे ८० टक्के. चिमटीत घेतली तर ती खरखरत नाही, टाल्कम पावडरसारखी बोटांतून निसटते. गोळे गुळगुळीत असल्याने काँक्रीटचा माल कमी पाण्यातही सैल राहतो.

नुसत्या राखेत पाणी घातले तर चिखल होतो. पण सिमेंट घट्ट होताना चुना सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटमध्ये असतो तसाच बांधून ठेवणारा पदार्थ तयार होतो. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात घालत, त्यावरून अशा पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटांची सुरखी पडे, तत्त्व तेच.

फक्त ही क्रिया सावकाश चालते आणि तिला सतत ओल लागते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १० दिवस पाणी मारायला सांगते, कोरड्या, उष्ण हवेत राखमिश्रित सिमेंटला १४ दिवसांची शिफारस करते. वऱ्हाडात बांधकामाचा जोर नेमका उन्हाळ्यात असतो. पारा ४५ च्या घरात, विहिरींना तळ दिसू लागलेले. सातव्या दिवशी पाणी बंद होते, सेंट्रिंगच्या फळ्यांची दुसऱ्या कामावर वाट पाहिली जात असते, आणि पुढे स्लॅबवर बारीक भेगा दिसल्या की ‘राखेचे सिमेंट’ बदनाम होते. चूक बहुतेक वेळा पाण्याची असते.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडे, हीच राख गुणाची ठरते. नीट पाणी मिळालेले राखमिश्रित काँक्रीट जास्त घट्ट असते. जमिनीतले क्षार सळईपर्यंत पोचायला वेळ लागतो. मात्र तिथल्या विहिरीचे खारे पाणीच मालात घातले तर राख काही वाचवू शकत नाही.

मोठ्या धरणांत राखेचा आणखी एक फायदा म्हणजे काँक्रीट आतून कमी तापते. भंडारदऱ्याजवळच्या घाटघर प्रकल्पात रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणे झाली. त्या मिश्रणात राख सिमेंटपेक्षा जास्त होती.

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांजवळच्या वीटभट्ट्यांना राख वापरणे बंधनकारक केले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई आली. साठून राहिलेली राख काय करते, हे नागपूरजवळ खसाळ्याला जुलै २०२२ मध्ये दिसले. कोराडी केंद्राचा तिथला राखेचा बांध पावसात फुटला आणि करडा गाळ शेतांत शिरला.

कचऱ्याच्या राखेचे गणित वेगळे. तिच्यात ॲल्युमिनियमचे तुकडे, क्षार आणि शिसे-जस्तासारखे जड धातू असतात. ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटमध्ये हायड्रोजन सोडते आणि काँक्रीट फुगते. क्षारांतले क्लोराइड सळई गंजवते. म्हणून भट्टीच्या तळाची राख आधी चाळतात, चुंबकाने लोखंड काढतात, इतर धातू वेगळे करतात आणि ढीग काही आठवडे ते महिने उघड्यावर मुरू देतात. धुरातून पकडलेली कचऱ्याची राख त्याहून विषारी, ती बहुधा सुरक्षित भरावातच पुरतात. विदर्भात घातक कचऱ्यासाठी तशी जागा बुटीबोरीला आहे. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये प्रक्रिया केलेली तळराख मुख्यतः रस्त्याच्या पायात जाते. काँक्रीटमध्ये घालायची झाली तर आधी फरसबंदीच्या ठोकळ्यांसारख्या, सळई नसलेल्या मालात.