बेपत्ता, हिरावलेल्या आणि निनावी : कॅनडातील मूलनिवासी स्त्रिया व त्यांच्या कुटुंबीयांचे दप्तर

१३ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील द पॉ या छोट्या गावात हेलन बेटी ऑस्बोर्न या १९ वर्षांच्या क्री तरुणीला चार गोऱ्या तरुणांनी रस्त्यावरून मोटारीत घालून नेले. नंतर तिचा मृतदेह सापडला. शिक्षिका व्हावयाचे म्हणून ती नॉर्वे हाउस ही आपली वस्ती सोडून या गावी शिकावयास आली होती. प्रारंभी पोलिसांनी तिच्या मूलनिवासी मित्रांकडेच संशयाने पाहिले. पुढे वर्षभराच्या आतच त्या चौघांची नावे पोलिसांपर्यंत पोहोचली. परंतु खटला उभा राहावयास १९८७ साल उजाडावे लागले. एकास शिक्षा झाली, एक निर्दोष सुटला, एकाने साक्षीच्या मोबदल्यात अभय मिळविले आणि चौथ्यावर आरोपच ठेवला गेला नाही. मधल्या काळात गावातील अनेकांना मारेकरी कोण हे ठाऊक होते, ही गोष्टही उघड झाली. ऑल्विन हॅमिल्टन व मरे सिंक्लेअर या दोन न्यायाधीशांच्या चौकशी आयोगाने १९९१ च्या आपल्या अहवालात निःसंदिग्धपणे नोंदविले की, ती मूलनिवासी नसती तर तिची हत्या झाली नसती.

या प्रकरणातील एक विसंगती पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे. उत्तर अस्तित्वात होते. ते बाजारात, उपाहारगृहात, घराघरांत कुजबुजले जात होते. मात्र ज्या कागदावर ते उतरावयास हवे होते तो कागद १६ वर्षे अपुराच राहिला. त्यानंतरच्या दशकांत अशा स्त्रियांच्या आया, बहिणी आणि मुली यांनी जे केले त्याला चळवळ म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाङ्मयाच्या व इतिहासाच्या अभ्यासकास त्यात आणखी एक गोष्ट दिसते : शासनाच्या दप्तराशेजारी त्यांनी स्वतःचे एक दप्तर उभे केले. ते दप्तर कसे घडले आणि शासकीय दप्तराशी त्याचा संघर्ष कोठे झाला, हे येथे पाहावयाचे आहे.

आधी संज्ञांविषयी. कॅनडाच्या १९८२ च्या संविधान-कायद्यात ज्यांना एकत्रितपणे मान्यता आहे त्या तिघांना, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटी यांना, मराठीत 'आदिवासी' म्हटले की अनुसूचित जमातींची सारी भारतीय घटनात्मक चौकट त्या शब्दाबरोबर येते. 'मूलनिवासी' या शब्दालाही महाराष्ट्रातील बहुजन विचारविश्वात स्वतंत्र अर्थ आहे. तो बाजूला ठेवून येथे दुसरा शब्द केवळ सोयीसाठी स्वीकारला आहे. 'बेपत्ता' हा शब्द मात्र अधिक विचार करावयास लावतो. ज्याचा पत्ता नाही तो बेपत्ता. म्हणजे शोधणाऱ्याचे अज्ञान हेच येथे हरवलेल्या व्यक्तीचे विशेषण होते. 'हरवलेली' म्हटले तर वाट चुकल्याचा दोष तिच्याच माथी येतो. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कॅनडा शाखेने २००४ च्या आपल्या अहवालाला जे शीर्षक दिले त्याचा आशय 'चोरून नेलेल्या बहिणी' असा आहे. त्यात कर्ता अध्याहृत असला तरी उपस्थित आहे : कोणीतरी त्यांना नेले. व्याकरणाचा हा भेद कुटुंबीयांना प्रारंभापासून कळत होता.

शासकीय दप्तरातील पोकळी अपघाताने निर्माण झालेली नाही. १८७६ च्या इंडियन अॅक्टने कोण 'इंडियन' हे पुरुषाच्या नात्याने ठरविले. दर्जाप्राप्त स्त्रीने दर्जा नसलेल्या पुरुषाशी विवाह केला की तिचा कायदेशीर दर्जा जाई. पुरुषाचा मात्र जात नसे. ही तरतूद १९८५ मध्ये बदलली. १०० हून अधिक वर्षे स्त्रीची ओळख कागदावर अशी येत-जात राहिलेल्या देशात, मृत स्त्री मूलनिवासी होती काय हा पोलिसांचा रकाना अनेकदा कोराच राहिला किंवा अंदाजाने भरला गेला, यात नवल नाही. ज्यांची नोंदच नाही त्यांची संख्या कोण सांगणार?

ती संख्या सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न शासनाबाहेरून झाला. नेटिव्ह विमेन्स असोसिएशन ऑफ कॅनडा या संघटनेने २००५ मध्ये केंद्रीय निधीतून 'सिस्टर्स इन स्पिरिट' हा उपक्रम हाती घेतला. वृत्तपत्रांची कात्रणे, न्यायालयीन कागद आणि कुटुंबीयांची निवेदने यांतून मार्च २०१० पर्यंत ५८२ स्त्रियांची प्रकरणे संकलित झाली. त्या यादीतील खुनांपैकी ५३ टक्के प्रकरणांतच कोणावर तरी आरोप ठेवले गेले होते; देशातील एकूण खुनांबाबत हे प्रमाण ८४ टक्के होते. या कामाचा निधी पुढे चालू राहिला नाही. चार वर्षांनी, २०१४ मध्ये, रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांनी आपला आढावा प्रसिद्ध केला : १९८० ते २०१२ या काळात १,०१७ खून व १६४ बेपत्ता, एकूण १,१८१. संघटनेच्या आकड्याच्या दुप्पट! पण त्याच आढाव्यात खुनांच्या उलगड्याचे प्रमाण मूलनिवासी स्त्रियांबाबत ८८ टक्के आणि इतर स्त्रियांबाबत ८९ टक्के असे दाखविले होते.

दोन दप्तरे, दोन चित्रे. पहिल्यात आरोप दाखल झाले काय हे पाहिले होते, दुसऱ्यात पोलिसांच्या व्याख्येनुसार प्रकरण 'उलगडले' काय हे. शिवाय जो मृत्यू पोलिसांनी मुळातच आत्महत्या, अतिमद्यपान अथवा अपघात म्हणून बंद केला तो खुनांच्या गणतीत येतच नाही. आणि कुटुंबीयांचे भांडण नेमके अशाच मृत्यूंविषयी होते. ८८ टक्के हा आकडा खोटा म्हणता येणार नाही. तो त्याच्या दाराशी अडविलेल्यांविषयी मौन पाळतो, एवढेच.

याद्या कशा घडतात याचे अधिक बोलके उदाहरण ब्रिटिश कोलंबियातील १६ क्रमांकाच्या महामार्गाचे आहे. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा सुमारे ७२० किलोमीटरचा, जंगलातून व विरळ वस्त्यांतून जाणारा रस्ता 'अश्रूंचा महामार्ग' या नावाने ओळखला जातो. वाहन नसलेल्या मुलींना दवाखान्यात, शाळेत किंवा आप्तांकडे जावयाचे तर रस्त्याकडेला उभे राहून अनोळखी मोटारीला हात करणे हाच पर्याय असे. २००५ मध्ये पोलिसांनी या भागातील प्रकरणांसाठी विशेष पथक नेमले. त्याच्या यादीत १९६९ ते २००६ या काळातील १८ नावे आली. त्या सर्व स्त्रिया मूलनिवासी नव्हत्या. ठराविक महामार्गांपासून साधारण एका मैलाच्या आत ती शेवटची दिसली किंवा तिचा देह सापडला, ही यादीत येण्याची एक अट होती. कुटुंबे व स्थानिक संघटना ४० हून अधिक नावे सांगतात. एक मैल ही तपासाच्या सोयीची मर्यादा असेल. पण दोन मैलांवर सापडलेल्या मुलीच्या आईला तिचा अर्थ कसा समजावून द्यावा? मार्च २००६ मध्ये प्रिन्स जॉर्ज येथे कुटुंबीय, मूलनिवासी प्रमुख व अधिकारी एकत्र आले आणि ३३ शिफारशी पुढे आल्या. वस्त्यांना जोडणारी बस ही त्यांतील अगदी साधी मागणी होती. ती सार्वजनिक बस २०१७ मध्ये धावू लागली. तोपर्यंत रस्त्याकडेचे फलक मुलींनाच बजावीत होते की, अनोळखी वाहनात बसू नका.

व्हॅंकूव्हर शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड या भागात १९९२ पासून दर १४ फेब्रुवारीस निघणारी स्मरणयात्रा हे या दप्तराचे आणखी एक पान आहे. जेथे एखादी स्त्री मारली गेली किंवा शेवटची दिसली तेथे यात्रा थांबते आणि गुलाब ठेवला जातो : खून झालेलीसाठी लाल, बेपत्ता असलेलीसाठी पिवळा. मेटी कलावती जेमी ब्लॅक यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या कलाप्रकल्पातील झाडांना टांगलेले रिकामे लाल पोशाखही सर्वपरिचित आहेत. त्यांचे आता चिन्हात रूपांतर झाले आहे, आणि चिन्ह झाले की विशिष्ट स्त्री थोडी मागे पडते, हेही नमूद केले पाहिजे. यात्रेतील थांब्याचे तसे होत नाही; तो त्या एकीचाच राहतो.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने दोन कृतींची कहाणी येथे विशेष महत्त्वाची ठरते. मेटी लेखिका मारिया कॅम्पबेल यांचे 'हाफब्रीड' हे आत्मकथन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले व कॅनडातील मूलनिवासी लेखनाचा तो आरंभबिंदू मानला गेला. कोवळ्या वयात माउंटेड पोलिसांकडून झालेल्या बलात्काराचा प्रसंग लेखिकेने हस्तलिखितात लिहिला होता. प्रकाशकाने तो काढून टाकला. ती पाने मॅकमास्टर विद्यापीठातील प्रकाशकाच्या कागदपत्रांत अॅलिक्स शील्ड यांना सापडली. त्यांनी व डीना रेडर यांनी २०१८ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला आणि २०१९ च्या आवृत्तीत तो मजकूर पुन्हा आपल्या जागी आला. ४६ वर्षे एक अभिजात ग्रंथ अपुरा वाचला गेला! या काळात त्यावर लिहिली गेलेली समीक्षा ज्या मौनाचे अर्थ लावीत होती, त्यातील काही मौन लेखिकेचे नव्हतेच. ते प्रकाशनगृहात निर्माण झाले होते. पोलिसांचे दप्तर आणि साहित्याचे दप्तर एकमेकांपासून दूर आहेत, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

दुसरी कृती मरी क्लेमेंट्स यांचे २००० मध्ये व्हॅंकूव्हरला प्रथम सादर झालेले 'द अननॅचरल अँड अॅक्सिडेंटल विमेन' हे नाटक. एकाच पुरुषाच्या सहवासात, अतिमद्यपानाने मेलेल्या म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रियांची ही कथा आहे. त्यांतील बहुतेक मूलनिवासी होत्या. 'अनैसर्गिक व अपघाती' हा मृत्यू-चौकशीच्या कागदांतील शेरा. नाटककर्तीने तो मृत्यूवरून उचलून स्त्रियांवर ठेवला आणि शेऱ्यातील क्रौर्य आपोआप उघडे पडले. मारेकऱ्यापेक्षा त्या स्त्रिया, त्यांचे विनोद, त्यांच्या एकाकी खोल्या रंगमंचावर अधिक जागा घेतात. त्याच शहराजवळील एका डुक्करपालकाला २००२ मध्ये अटक झाली, २००७ मध्ये सहा खुनांबद्दल शिक्षा झाली आणि उरलेले २० आरोप २०१० मध्ये चालविण्याविनाच थांबविले गेले. जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचेच छायाचित्र झळकत राहिले. त्या २० जणींच्या कुटुंबांना खटल्यातून मिळू शकणारे उत्तर मिळालेच नाही.

राष्ट्रीय चौकशीची मागणी बराच काळ नाकारली गेली. हे गुन्हे आहेत, त्यांना समाजशास्त्रीय घटना समजू नये, असे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी २०१४ मध्ये म्हटले होते. निवासी शाळांविषयीच्या सत्य व सामंजस्य आयोगाने २०१५ मध्ये आपल्या ४१ व्या आवाहनात ही मागणी उचलून धरली. त्या आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअरच होते. ऑस्बोर्न प्रकरणाचा धागा असा येथवर येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये मॅरियन ब्युलर यांच्या अध्यक्षतेखाली काम सुरू झाले. विलंब, राजीनामे आणि अपुरा संपर्क यांमुळे २०१७ मध्ये अनेक कुटुंबांनीच आयोगावर जाहीर टीका केली. तरी जून २०१९ च्या अहवालापर्यंत २,३८० व्यक्ती त्यात सहभागी झाल्या. त्यांत तज्ज्ञही होते. आणि ८१९ जणांनी आपले म्हणणे कलाकृतीच्या रूपाने मांडले. गोधडी, गीत वा चित्र हे चौकशीपुढील निवेदन म्हणून स्वीकारले जाणे, ही साक्षीच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. सुनावणीत अश्रू पुसलेले कागदी रुमाल टाकून न देता कागदी पिशव्यांत जमविले जात व पवित्र अग्नीला अर्पण होत. अहवालात २३१ आवाहने आहेत आणि 'वंशसंहार' हा शब्द आहे. त्या शब्दावर वृत्तपत्रांत पुष्कळ वाद झाला. तो वाद चालू असताना, माझ्या मुलीचे काय झाले, हा मूळ प्रश्न विचारणारी आई मात्र बहुधा होती तेथेच उभी होती. कारण प्रत्येक प्रकरणाचा तपास नव्याने करणे हे या आयोगाचे काम नव्हते.

तो प्रश्न सर्वांत उघड्यावर आला तो विनिपेगमध्ये. २०२२ च्या वसंतात तेथे एका पुरुषाने चार मूलनिवासी स्त्रियांचे खून केले. त्यांपैकी मॉर्गन हॅरिस व मर्सिडीस मायरन यांचे अवशेष शहराबाहेरील प्रेअरी ग्रीन या कचराभूमीत असावेत, असे पोलिसांनीच सांगितले. आणि तेथे शोध घेणे व्यवहार्य नाही, असेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनीच सांगितले. २०२३ च्या व्यवहार्यता-अहवालात खर्चाचा अंदाज १८ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत गेला होता. प्रांतिक सरकारने नकार दिला. त्या वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने या नकाराची जाहिरातही केली. मुली व आप्त तंबू ठोकून बसले. त्यांचा एक तळ मानवी हक्कांच्या राष्ट्रीय संग्रहालयासमोर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकार बदलले, वॅब किन्यू प्रांतप्रमुख झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कचरा उपसून हातांनी चाळण्याचे काम सुरू झाले. तीन महिने पुरले. मार्च २०२५ मध्ये दोघींच्याही अवशेषांची ओळख पटली.

चौघींपैकी एकीचे नावच कोणाला ठाऊक नव्हते. आरोपपत्रात ती अज्ञात स्त्री होती. मूलनिवासी समाजातील वडीलधाऱ्यांनी तिला मश्कोदे बिझिकि-इक्वे, म्हणजे माळरानावरील बायसनची स्त्री, असे नाव दिले, आणि २०२४ च्या खटल्यात न्यायालयातही तिचा उल्लेख त्याच नावाने झाला. कुटुंबीयांच्या दप्तरातील एक नोंद शासनाच्या दप्तराने जशीच्या तशी उचलल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. मारेकऱ्यास चारही खुनांबद्दल शिक्षा झाली, तेव्हाही तिचे मूळ नाव कळलेले नव्हते. ते मार्च २०२५ मध्ये कळले : अॅश्ली शिंगूस, सेंट थेरेसा पॉइंट या वस्तीतील. तिचे अवशेष ब्रेडी रोड या दुसऱ्या कचराभूमीत असावेत, असे तेव्हा सांगण्यात आले आणि तेथेही शोध घेण्याचे आश्वासन प्रांतप्रमुखांनी दिले. तिचे स्वतःचे नाव मिळाल्यावरही समाजाने दिलेले नाव पुसले गेले नाही; आता ती दोन्ही नावे बरोबरच उच्चारली जातात.