फोर्ट युनियनच्या बुरुजातील व्यक्तिचित्र

मिसुरी आणि यलोस्टोन या नद्यांच्या संगमाजवळ असलेले फोर्ट युनियन हे अमेरिकन फर कंपनीचे तटबंदीचे व्यापारी ठाणे होते. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३२ साली ‘स्टु-मिक-ओ-सक्स’ या काइनाई प्रमुखाचे तैलचित्र रंगवले ते याच ठाण्याच्या एका बुरुजात, बारा पौंडी तोफेच्या बुडाला आसन करून. काइनाई, ज्यांना इंग्रजी बोलणारे ‘ब्लड’ म्हणत, ही सिक्सिका आणि पिकानी यांच्यासह ब्लॅकफूट संघात मोडणारी जमात. प्रमुखाच्या नावाचा अर्थ ‘बायसन बैलाच्या पाठीवरची चरबी’ असा आहे, आणि तो परक्या कानांना हास्यास्पद वाटला तरी शिकारीवर जगणाऱ्या समाजात हा सर्वांत मोलाचा तुकडा असल्याने ते नाव सन्मानाचेच होते.

ब्लॅकफूट लोकांचा जुना व्यवहार उत्तरेकडच्या हडसन्स बे कंपनीशी होता आणि अमेरिकी सापळेवाल्यांशी त्यांचे उघड वैर होते. पिकानींशी तह होऊन हे वैर निवळू लागले ते १८३१ मध्ये, आणि त्यानंतर एका वर्षाच्या आत काइनाई प्रमुख या ठाण्यात दिसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या चित्राकडे केवळ चित्रकाराच्या कुतूहलाचे फळ म्हणून पाहता येत नाही. हातात लांब दांड्याची चिलीम, अंगात साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांनी नक्षी केलेला कातडी सदरा, छातीवर त्याच कामाचे मोठे वर्तुळ: हा वाटाघाटीला आलेल्या पुढाऱ्याचा पोशाख आहे. चिलीम तर अशा प्रसंगी शस्त्राहून बोलकी.

कॅटलिनने प्रमुखाच्या एका पत्नीचेही चित्र काढले आणि ‘ई-निस-किम’ या तिच्या नावाचा अर्थ ‘स्फटिकाचा दगड’ असा दिला. ब्लॅकफूट भाषेत मात्र ‘इनिस्किम’ म्हणजे बायसनचे कळप ओढून आणणारा पवित्र दगड, आणि ही छटा त्याच्या भाषांतरात हरवली.

हे लोक लवकरच नामशेष होणार, अशी कॅटलिनची धारणा होती. १८३७ साली व्यापाराच्याच आगबोटीने देवीची साथ मिसुरीच्या वरच्या खोऱ्यात आणली आणि ब्लॅकफूटांची भीषण हानी झाली, तरीही त्याचे भाकीत खोटे ठरले: दक्षिण अल्बर्टातील काइनाईंचा राखीव प्रदेश आज क्षेत्रफळाने कॅनडात सर्वांत मोठा आहे.

चित्र मात्र घर सोडून फार फिरले. पॅरिसच्या १८४६ च्या वार्षिक प्रदर्शनात ते मांडले गेले तेव्हा फ्रेंच कवी बोदलेअरने कॅटलिनच्या रंगांची, विशेषतः लाल-हिरव्याची, मनापासून प्रशंसा केली. कॅटलिनचा चित्रसंग्रह विकत घेण्यास अमेरिकी काँग्रेसने नकार दिला, १८५२ मध्ये कर्जबाजारी झालेल्या कॅटलिनचे देणे फिलाडेल्फियाचे इंजिन-कारखानदार जोसेफ हॅरिसन यांनी फेडले, आणि त्या बदल्यात आलेली चित्रे कित्येक वर्षे त्यांच्या बॉयलरच्या कारखान्यात पडून राहिली. हॅरिसन यांच्या पत्नीने १८७९ मध्ये ती स्मिथसोनियन संस्थेला दिली, तोवर कॅटलिनला जाऊन सात वर्षे झाली होती.