कै. बाळासाहेब खेर आणि विश्वस्तधर्म

मठाची संपत्ती ही मठाधिपतीची खाजगी मिळकत नसून उपास्य देवता व शिष्यसंप्रदाय यांच्यासाठी ठेवलेला न्यास होय, हे तत्त्व आपल्या परंपरेस नवे नाही. परंतु त्या न्यासाची नोंदणी करून त्याचा हिशेब तपासून घेण्याची जी पद्धत आपण आज पाळतो, ती १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने घालून दिली. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर. वडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत. म्हणून या सत्पुरुषाचे स्मरण वडोदेकरांस अप्रस्तुत वाटू नये.

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून संस्कृत विषय घेऊन ते १९०८ साली पदवीधर झाले व १९१८ साली सॉलिसिटर बनले. 'मणिलाल खेर आणि कंपनी' ही त्यांची पेढी. सॉलिसिटराने न्यायासनापुढे वक्तृत्व गाजवावयाचे नसते. अशिलाचे दस्तऐवज आणि पैसा निष्ठेने सांभाळावयाचा असतो. परक्याच्या ठेवीस आपली न मानण्याची ही सवय त्यांच्या राजकारणातही उतरली.

१९२२ पासून ते स्वराज्य पक्षाच्या कार्यात पडले. सत्याग्रहांत त्यांनी वारंवार कारावास सोसला. तथापि त्यांची वाणी व वृत्ती सौम्यच राहिली. १९३७ साली मुंबई प्रांताचे ते पंतप्रधान झाले. या निवडीत नरीमन यांस डावलले, असा गवगवा त्या वेळी झाला होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे १९४० साली खेरांनी आदिवासी सेवा मंडळ स्थापून वनवासी जनांच्या सेवेस हात घातला. १९४६ ते १९५२ या काळात त्यांनी पुन्हा राज्यधुरा वाहिली.

त्यांचे सर्वच निर्णय सर्वांस रुचले असे नाही. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांनी ७ नोव्हेंबर रोजी मोठा संप केला व डॉ. आंबेडकरांनीही त्या विधेयकास कडाडून विरोध केला. १९४७ च्या हरिजन मंदिरप्रवेश कायद्याने सनातनी मंडळी दुखावली. परंतु देवाचे द्वार कोणासही बंद नसावे, हे त्या कायद्याचे तत्त्व कालांतराने मान्य झाले.

विश्वस्त कायद्यासंबंधीही मठ-मंदिरांत शंका होतीच. हिशेबाच्या निमित्ताने सरकार धर्मात हात घालील, अशी ती भीती. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने नोंदणी व हिशेब यांविषयीची व्यवस्था ग्राह्य ठरविली. मात्र धर्मादाय आयुक्तासच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमता येईल, अशा तरतुदी त्या मर्यादेपुरत्या रद्द केल्या. म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती आणि कायदाही सर्वस्वी अन्याय्य नव्हता. द्रव्याचा व्यवहार उघड असावा, उपासना मात्र स्वायत्त राहावी, ही मर्यादा त्या निकालाने स्पष्ट केली. १९६० साली गुजरात राज्य झाल्यावरही येथे तोच कायदा पुढे चालू राहिला.

खेर पुढे इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले, १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि ८ मार्च १९५७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वर्धापनाच्या या मंगलप्रसंगी आपण शिष्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे, की भाविकाने श्रद्धेने वाहिलेल्या पैचाही स्वच्छ हिशेब ठेवणे ही केवळ कायद्याची सक्ती नव्हे. पूजेइतकीच ती गुरुसेवा होय. आणि तो हिशेब वाचून पाहणे, हे शिष्याचेही कर्तव्य होय.